यासीन मिस्त्रीच्या छातीतला जोड

यासीन मिस्त्री स्वतःच्या वेल्डिंगवरही विश्वास ठेवत नसे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरची नळी फुटली की खराब तुकडा कापून नवा जोडायचा, हे त्याचं काम. मी, निवृत्ती, त्याच्या हाताखाली फिटर. जोड मारला की नळीत पाणी भरून दाब द्यायचा आणि हा बॅटरी घेऊन जोडापाशी बसायचा. साहेबांनी घाई केली की म्हणायचा, "टेस्ट झाल्याशिवाय आग लावायची नाय. घाई असंल तर तुम्ही आत बसा." साहेबाच्या तोंडावर असं बोलणारी प्लांटात दोनच माणसं. दुसरा मी.

रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला एका टपरीवर रोज भेटायचो. एक दिवस पाहिलं, हा खारी चहात पार विरघळवून तो लगदा गिळतोय. म्हणाला, दोन महिने झाले, भाकर छातीत अडकते. मी सांगितलं, पित्त आहे, ओवा खा. त्यानं ऐकलं नाही ते बरं झालं. दवाखान्यात दुर्बिणीनं पाहिलं, तुकडा काढून तपासला. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

कितवी स्टेज, मी घाबरतच विचारलं. तिसरी म्हणाला, आणि कामावर समजवायचा तसंच समजावू लागला. "नळीच्या भिंतीबाहेर गेलाय, शेजारच्या गाठींत हाय. पण लिव्हर, फुप्फुस साफ हाय. म्हणून तर कापता येतंय, निवृत्ती. लांब गेला असता तर डॉक्टरनं हात लावला नसता."

आधी किमो आणि रेडिएशनचा शेक, मग पुन्हा स्कॅन, मग ऑपरेशन. खराब नळी काढायची, जठराचीच नळी करून वर ओढायची आणि छातीत जोडायची.  तो सर्जनला विचारून आला होता, जोड कसा मारता आणि टेस्ट कितव्या दिवशी करता.

ऑपरेशन झालं. पोटातून घातलेल्या नळीनं पातळ अन्न थेट आतड्यात जायचं, तोंडाला थेंब नाही. पाचव्या दिवशी गेलो तर ओठांना चिरा पडलेल्या. मला राग आला. माणसाला घोटभर पाण्याला महाग करतात म्हणजे काय? त्याची बायको, आमच्या भाभी, औषधं आणायला गेल्या तशी मी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि म्हणालो, मिस्त्री, एकच घोट घ्या, कुणाला कळत नाही. त्यानं झाकणच ढकललं. चहा माझ्या पायजम्यावर सांडला.

"तीस वर्षं माझ्या हाताखाली काय शिकला रे तू?" आवाज घोगरा, पण तोच.

मला अपमान वाटला. चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही.

गेलो तेव्हा भाभींनी सांगितलं, एक्स-रेत दिसणारं औषध टेस्टपुरतं प्यायला देऊन पाहिलं, तर जोडातून बारीक गळती निघाली. आपोआप भरेल म्हणतात, पण तोंडानं काही द्यायचं नाही. माझा चहा तिथूनच छातीत उतरला असता. माफी मागायची मला सवय नाही. त्या दिवशी मागितली. तो म्हणाला, "बस खाली. अजून बारा दिवस. थांबू."

बारा दिवस थांबला. दुसरी टेस्ट साफ आली. पहिला चमचा पाणी घेतलं तेव्हा छातीवर हात ठेवून, ते खाली उतरेपर्यंत तो डोळे मिटून होता.

पुढे अडीच वर्षं तो दिवसातून सात वेळा थोडं थोडं जेवला, रात्री उशांना टेकून झोपला. मग आजार लिव्हरात निघाला. आता कापून उपयोग नाही, हे सांगताना त्या सर्जनची मान खाली गेली. मी शेजारीच उभा होतो. यासीननं स्कॅनच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, जोडापाशी काय हाय?

सर्जन म्हणाला, तिथं काही नाही, तिथं साफ आहे.

"मग मान वर करा, साहेब. तुमचं काम टिकलं."

जायच्या आदल्या दिवशी त्यानं भाभींच्या हातची वाटीभर पेज घेतली. तोंडानं घेतली.