खालच्या काकांचे डोळे

माझ्या यजमानांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेला होता. पुढे सगळं त्यांनी उजव्या डोळ्यावर निभावलं, आणि इतकं सहज की लग्नानंतर मी ते विसरूनही जायची. वाशीच्या घाऊक बाजारात ते मापाडी होते. कांद्याच्या गोणी काट्यावर चढायच्या आणि हे मोठ्याने वजन सांगायचे. नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. एका सकाळी गोणीचं तोंड उघडताना ताणलेली सुतळी तुटली आणि तिचं टोक सपकन उजव्या डोळ्यात लागलं.

डोळा लाल झाला. बाजाराजवळच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं. मग बुबुळावर गव्हाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला. तरी आम्ही तेच थेंब घालत राहिलो. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं बुबुळ दुधासारखं झालं होतं.

"आतला डोळा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढची काच खराब झालीय. दुसरी मिळाली तर बसवता येईल."

"कुठे मिळते?" मी विचारलं.

"गेलेल्या माणसाची. घरच्यांनी दिली तर."

यादीत नाव लिहिलं. फोन नंबर विचारला. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून मी पहिल्या मजल्यावरच्या काकांचा नंबर दिला. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा तिघांकडेच फोन होते आणि काका कुणाला नाही म्हणत नसत.

नोकरी गेली. मी एका बालवाडीत कामाला लागले. हे दिवसभर गॅलरीत बसून असायचे. खाली फोन वाजला की त्यांची मान वर व्हायची. कुणी जिना चढतंय का ऐकत राहायचे, आणि मग मान परत खाली.

काका सरकारी ऑफिसातून रिटायर झाले होते. रोज संध्याकाळी वर येऊन ते ह्यांना पेपर वाचून दाखवायचे. आधी हेडलाइन, मग क्रिकेट, मग बाजारभाव. निधनाच्या बातम्या मात्र गाळायचे. ह्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत. मी आत भाकऱ्या थापताना ऐकायची.

एका शनिवारी सकाळी दाढी करता करता काका मोरीजवळच कोसळले. काकूंची किंकाळी आमच्यापर्यंत आली. सेक्टरमधले डॉक्टर आले आणि गेल्याचं सांगून गेले. साडेसात वाजले होते. काकांचे थोरले भाऊ कुर्ल्याला राहायचे, ते लगेच निघाले. कोकणातली मंडळी दुपारनंतर पोचणार होती.

मी घड्याळ बघितलं. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात हे मला हॉस्पिटलात कळलं होतं. डॉक्टर घरी येतात, वीस मिनिटांचं काम असतं, चेहऱ्यावर काही कळत नाही, हेही माहीत होतं.

"कुठे निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"खाली."

"विचारू नकोस."

"का?"

"आपल्याला हवेत म्हणून विचारतेस असंच वाटेल त्यांना."

यादीत आमच्या आधी पुष्कळ लोक होते. काकांचे डोळे आम्हाला मिळणार नव्हते, ते आमच्याहून आधीच्या कुणाला तरी गेले असते. मी तसं म्हणालेही. पण माझ्या मनात ह्यांचा विचार नव्हता असं म्हणाले तर ते खोटं होईल.

खाली जाऊन बायकांत बसले. काकूंचा हात धरून बसले होते, आणि लक्ष सगळं भिंतीवरच्या घड्याळाकडे. नऊ वाजले. साडेनऊ. माझी मलाच लाज वाटत होती. शेवटी उठले आणि त्यांच्या मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं. तो तिशीतला होता, बँकेत नोकरीला.

"आता बोलू नये, पण नंतर उपयोग नाही," मी म्हणाले. "काकांचे डोळे द्याल का? दोघांना दिसेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. "वहिनी, तुम्ही ह्यासाठी बसला होतात इतका वेळ?"

दारात काकांचे भाऊ उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"माणूस अजून गार झाला नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या जन्मी आंधळा जन्माला घालायचाय का त्याला? जा तुम्ही वर."

बाहेरच्या खोलीत बायकांना सगळं ऐकू गेलं होतं. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी वर आले. हे गॅलरीत होते. तीनच्या सुमाराला काकांना नेलं तेव्हा जिन्यातला आवाज ऐकून हे उठले, आणि आवाज ज्या बाजूला गेला तिकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले.

त्यानंतर बिल्डिंगमध्ये माझ्याशी कुणी धड बोलेना. जिन्यात माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच ती, डोळे मागणारी." संध्याकाळी पेपर वाचायला कुणी यायचं नाही. मी वाचायला बसले की हे म्हणायचे, राहू दे.

मला एकच धास्ती होती. हॉस्पिटलात नंबर काकांच्याच घरचा होता. तिथे फोन आला आणि त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही तर? पण दुसरा नंबर द्यायचा कुणाचा? बाकीच्या दोघांकडे जायचं माझं धाडस झालं नाही. तोच नंबर राहिला.

चार महिन्यांनी, सकाळी, दारावर बेल वाजली. काकांचा मुलगा होता. हातात पेपरचा फाडलेला तुकडा.

"हॉस्पिटलचा फोन होता," तो म्हणाला. "लगेच बोलावलंय. वॉर्ड नंबर लिहून आणलाय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"निघालेत म्हणून सांगितलं." आणि तो खाली उतरून गेला.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा ह्यांना आधी डॉक्टरांच्या शर्टाचं बटण दिसलं, मग हळूहळू माझा चेहरा. डोळे कुणाचे ते सांगत नाहीत. ह्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "देणाऱ्याच्या घरी अजून सुतकाचे दिवस चालू असतील."

आम्ही घरी आल्यावर काकू वर आल्या. ह्यांच्यासमोर बसून त्यांच्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"आमचे हे मला म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून पेपर वाचून आले होते एकदा. म्हणाले, माझं काही झालं तर डोळे देऊन टाक. मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, तिन्हीसांजेचं अभद्र बोलू नका."

"मग त्या दिवशी तुम्ही..."

"दीर होते समोर. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि त्यांनी कागदावर कुठे लिहिलं नव्हतं." मग म्हणाल्या, "दोन माणसांचं नुकसान केलं मी. आणि त्यांची शेवटची इच्छा राहिली ती वेगळीच."

मी त्यांना नाही नाही म्हणत राहिले. पण खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं असं मला मनापासून म्हणता आलं नाही.

त्यांनी माझ्याकडून नेत्रदानाचा फॉर्म मागवून घेतला. त्यावर घरच्या माणसाची सही लागायची. मुलाने माझ्याकडे न बघता सही केली.

ह्यांचा डोळा दीड वर्ष चालला. मग परत धूसर व्हायला लागला. शरीर परकी काच कधीकधी टाकून देतं, डॉक्टर म्हणाले. नाव पुन्हा यादीत गेलं, पण फोन आला नाही. दशक संपायच्या आधी न्यूमोनियाने ते गेले. ह्यांचे डोळे देता येतील का, असं मी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ह्यांचे कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

हे हयात असतानाच मी फॉर्म घेऊन हिंडायला लागले होते. बालवाडीतल्या मुलांच्या आया, महिला मंडळ, भाजीवाली. पुष्कळ फॉर्म कोरेच परत येतात. कुणी म्हणतं, घरात असलं काही ठेवायचं नाही. मी वाद घालत नाही. सही करणाऱ्यांना मात्र एक सांगते. कागद कपाटात ठेवू नका. आज जेवताना सगळ्यांसमोर सांगा, आणि कुणी गप्प बसवलं तर उद्या परत सांगा.