मामाजींचा इंग्रजी बगीचा

इंग्रज गेले तेव्हा आपली भाषा आमच्या मामाजींच्या हवाली करून गेले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. राहणार सौंसर, धंदा संत्र्याचा आणि ध्यास एकच: जवळजवळ सारख्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांमधला फरक. ताप आला तरी डॉक्टरला म्हणणार, "सिक वेगळं अन् इल वेगळं. मी कोणता हाय, थे पयले ठरवा, मंग सुई टोचा." मी पांढुर्ण्याहून सणाला गेलो, की पाण्याचा गडवा हातात पडायच्या आत प्रश्न यायचा, "जावईबुवा, लुक अन् वॉच, फरक सांगा!" जावयाचा मान गेला खड्ड्यात!

हे वेड लागलं नातीपायी. माझा साळा परदेशात असतो. त्याच्या लेकीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. ती फोनवर भराभर बोलायची, मामाजी "येस, येस" करायचे, आणि पोर कंटाळून फोन बापाच्या हातात द्यायची. ती दिवाळीला पहिल्यांदाच येणार असं कळलं, आणि मामाजींनी भर अंगणात जाहीर केलं, "माह्या नातीसंग मी दुभाष्या घेऊन बोलनार नाही. म्हणजे नाही!"

"अजी, या वयात काऊन डोक्याले ताप?" सासूबाई म्हणाल्या.

"सारख्याच दिसनाऱ्या शंभर रोपांतून जंबेरी कोनती अन् रंगपुरी कोनती, थे पानावरून वळखतो मी. हे शब्द काय चीज हाय!"

पुस्तकात मात्र जीव रमेना. मग या गृहस्थानं काय करावं? पत्र्याचे तुकडे कापले, त्यावर शब्द रंगवले आणि शेजारशेजारच्या संत्र्याच्या झाडांना तारेनं टांगले. झाडाजवळ गेलं की शब्द आठवतो म्हणे! महिन्याभरात बगिच्याची भाषाच बदलली. गडी सांजेला येऊन सांगायचा, "मालक, हाउसले पाणी देऊन झालं, होम राह्यलं." लेंडच्या झाडाला शेणखत पडलं, की शेजारचं बॉरो रुसून बसायला नको म्हणून त्यालाही पडायचं. एकदा व्यापारी बहार पाहायला आला. त्याला प्राइस आणि व्हॅल्यू या दोन झाडांच्या मधोमध उभं करून, भाव वेगळा आणि मोल वेगळं, हे मामाजींनी ऊन डोक्यावर येईस्तोवर समजावलं. तो बिचारा सौदा न करताच नागपूरची बस धरून पळाला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण मामाजी हटले नाहीत.

दिवाळी आली, नात आली. मामाजी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात दारात उभे. पोरीनं हसून काहीतरी विचारलं, आणि सगळा बगीचा त्यांच्या घशात अडकला. तोंडातून एकच शब्द निघाला, तोही मराठी, "या." मला तर त्यांच्याकडे बघवेना.

तिचं बोट धरून ते तडक बगिच्यात गेले. मागोमाग आम्ही. पोर पत्रे वाचत, खिदळत पुढे पळत होती. एका जोडीपाशी ती थांबली. अलोन आणि लोनली. याच्यात फरक काय, असं तिनं विचारलं. माझी बायको सांगायला पुढे झाली, तर मामाजींनी हात आडवा केला.

ते अलोनखाली गेले. एकटेच उभे राहिले, पानं चाचपली, शीळ घातली, मजेत मान डोलावली. मग लोनलीखाली आले. खिशातून फोन काढून कानाला लावला. "येस, येस," म्हणाले. फोन खाली घेतला, आणि त्याच्याकडे नुसतं पाहत राहिले.

पोरीचं हसू थांबलं. तिनं धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती आणि मी उगाच संत्री मोजत होतो.

दिवाळी सरली, नात गेली. त्यालाही आता दोन-तीन वर्षं झाली. परवा मी सौंसरला गेलो होतो. झाडं आता जाड झाली आहेत, तार सालीत रुतते, म्हणून मामाजींनी बरेचसे पत्रे काढून टाकलेत. मला फरक विचारणंही बंद झालंय, आणि खरं सांगू, चुकल्याचुकल्यासारखं होतं. निघताना मात्र त्यांची हाक कानावर आली. गड्याला सांगत होते, "पयले लोनलीले पाणी सोड रे बाप्पा. थे झाड लवकर सुकते."