रविवारचा वाफसा

आमच्या मंडळीतल्या एका पंचांना देवाच्या मनातलं देवाच्याही आधी कळायचं. राहायला शहरातल्या छावणीत, चर्चजवळ. शेत मात्र बिडकीनला, आमच्या तुकड्याच्या बांधाला बांध लागून. पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही सणासुदीला बैलगाडीनं चर्चला जायचो आणि पंचांकडून एकच ऐकून यायचो: आज्ञा पाळा, आशीर्वाद घ्या. जणू देवानं रेशनचं दुकान काढलं होतं आणि काट्यावर पंचांना बसवलं होतं.

त्या साली रब्बीच्या तोंडावर चांगला पाऊस झाला आणि पेरणीजोगा वाफसा आला तो नेमका रविवारी. बापानं सकाळी बांधावर जाऊन मूठभर माती दाबून पाहिली, हात झटकले आणि घरी येऊन आम्हाला प्रार्थनेला बसवलं. शेजारी पंचांच्या रानात मात्र दोन तिफणी चालल्या होत्या. पंच स्वतः चर्चमध्ये, पुढच्या बाकावर. पेरत होते ते त्यांचे सालगडी. ते हिंदू, म्हणून त्यांना रविवारच्या विसाव्याची आज्ञा लागू नाही, असा पंचांचा खुलासा. त्या दिवशी चाकराला आणि जनावरालाही विसावा द्यायचा असतो, हे माझ्या अडाणी आईलासुद्धा तोंडपाठ होतं. बैलांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, एवढं मात्र कबूल.

त्याच रात्री पुन्हा पाऊस लागला. रानात पाय ठेवता येईना. आमची पेरणी लांबली, शाळू उशिरा निसवला आणि कणसं बोटाएवढी राहिली. पंचांच्या ज्वारीत माणूस दिसत नव्हता.

कापणीच्या सणाला प्रत्येकानं आपल्या पिकातलं काही वेदीपुढं ठेवायचं. पंचांनी गाडीभर कणसं ठेवली आणि आज्ञापालनाचं फळ म्हणून लांबलचक साक्ष दिली. मग आमच्या पेंढीकडं बघून म्हणाले, जिथं आशीर्वाद नाही तिथं आज्ञाभंग लपलेला असतो. या भावानं उठून पाप कबूल करावं, तोवर त्याला प्रभुभोजन देऊ नये. पाद्रीसाहेब पंचांच्याच घरी जेवायचे. ते वेदीवरची प्रभुभोजनाची भाकरी मोडू लागले.

बापाला जगात त्या भाकरीच्या तुकड्याहून मोठं काही नव्हतं. एक खोटं पाप सांगितलं असतं तर भागलं असतं. सालगड्यांचं नाव काढलं असतं तरी भागलं असतं. तो उठला, टोपी हातात घेतली.

"म्या रविवारी पेरलं नाय. देव म्हनला म्हनून नाय पेरलं, ज्वारीसाठी नाय. पुढच्या सालीबी नाय पेरनार."

एवढं बोलून बसला. पंचांनी डोळे मिटले आणि गळा दाटून आल्यासारखं करून, या भावाचा गर्व उतरव म्हणून प्रार्थना केली. सोंग म्हणावं तर तेही धड वठलं नव्हतं. तरी सगळ्यांनी आमेन म्हटलं. बापानंही म्हटलं.

मग भाकरीचं ताट बाकाबाकांवरून फिरत आलं. बापानं ते दोन्ही हातांनी घेतलं, सांडू नये म्हणून जरा वर धरलं आणि एकही तुकडा न घेता शेजारच्या माणसाच्या हाती दिलं.

पंचांचा मला कधी रागसुद्धा आला नाही, तेवढी त्यांची लायकी नव्हती. राग आला तो बापाचा. त्या लोकांचं ताट त्यानं इतकं जपून का धरावं?