थरथरत्या हाताचं दूध

हात थरथरणारा माणूस प्यालेलाच असतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

दुष्काळात आमच्या गावच्या दूध संस्थेत एक माणूस रोज यायचा. किटली ओतताना त्याचे हात कापायचे, थोडं दूध सांडायचं.

“सकाळीच लावली का बे?” माप घेणाऱ्यानं एकदा विचारलं.

“न्हाई. डोक्याच्या गोळीनं कापतेत.”

“मग सोड की गोळी. चारा न्हाई अन् दूध सांडतो.”

“सोडलती. तवा दुधात इख हाय, असं कानात कुणीतरी सांगायचं. समदं दूध मीच उकिरड्यावर ओतायचो.”

त्याला स्किझोफ्रेनिया होता. गोळी मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर आवरते, म्हणून भास थांबतात. पण हात स्थिर ठेवायलाही तेच रसायन लागतं.

अशा माणसाला गोळी सोडायला सांगू नका. थरथरीवर इलाज असतो. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.