बादल्यांवरून डावीकडे

बहरीनला उतरून आठवडा झाला होता. सित्र्याला कंपनीचा कॅम्प, एका खोलीत आम्ही सहा जण. शुक्रवारी सकाळी कंपनीची बस मनामाच्या बाजारात सोडायची आणि दोन वाजता मैदानावरून उचलायची. एक जण जरी चुकला, तरी त्याच्या अख्ख्या खोलीचा महिनाभर बाजार बंद. मी एकवीस वर्षांचा, चिपळूणच्या शाळेतून वाया गेलेला वेल्डर. नकला करायचो म्हणून कुणाचा भरवसा नव्हता. खोलीतले गुहागरचे काका सगळ्यात वयस्क, त्यांनी माझी हमी घेतली. "शहाणपणा नको," एवढंच म्हणाले.

पाट्या सगळ्या अरबीत. म्हटलं, आपण आपल्या पद्धतीने जाऊ. आमच्याकडे पत्ता सांगतात तो केरसुण्यांवरून डावीकडे, घमेल्यांवरून उजवीकडे. मग निळ्या बादल्यांवरून डावीकडे वळलो, लाल ब्लँकेटांवरून उजवीकडे, टांगलेल्या किटल्यांवरून सरळ. सोन्याच्या गल्लीत एवढं पिवळं की डोळे बारीक करून चाललो. एक झगेवाला दुकानदार माझ्यापेक्षा बरी हिंदी बोलत होता. त्याची पोट पुढे काढलेली चाल मी पुढच्या वळणापर्यंत चालून पाहिली. झकास जमली.

तेवढ्यात जुम्म्याची बांग झाली. बादल्या आत, ब्लँकेटं आत, किटल्या आत, शटरं खाली. मागे वळलो तर माझा पत्ताच कुलपात गेलेला. सगळ्या गल्ल्या एकसारख्या करड्या, आणि हिंदी बोलणारे सगळे गायब. एकाच हिरव्या दारासमोरून तीनदा गेलो. दीड वाजला. डोळ्यांपुढे खोलीतली पाच तोंडं यायला लागली.

एका बंद दुकानासमोर बाकावर एक म्हातारा जपमाळ ओढत बसला होता. त्याला ना हिंदी, ना इंग्रजी. मला अरबीतले दोनच शब्द येत होते, खलास आणि यल्ला, म्हणजे संपलं आणि चला. म्हणून मी बसच झालो. खोकत स्टार्ट झालो, गिअर अडकवला, दार आपटलं आणि आमच्या ड्रायव्हरसारखा "यल्ला" ओरडलो. म्हातारा पोट धरून हसला. शेजारच्या दारातून दोघांना बोलावलं आणि बोटाने खूण केली, पुन्हा. तीन खेळ झाले. मग मनगट धरून निघाला, तोही मुंगीच्या पावलांनी.

मैदानावर इंजिन चालू होतं. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. काका दारात, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, म्हणजे दार लागायलाच नको.

"मेल्या, नकला करत होतास ना?"

"हो काका. पण कामाच्या."

ते हसले नाहीत. बस सुटली. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, काकांचे हात मात्र रिकामे. शेजारचा हळूच म्हणाला की दुकानं बंद व्हायच्या आधीपासून ते मलाच शोधत फिरत होते, लेकीचं कापड राहिलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्यामागे चार कापडवाल्यांकडे फिरलो, पिशवी धरून, तोंड बंद ठेवून. चौथा कापडवाला तोतरा होता. फार जड गेलं.