न दुखणारी गाठ

कौंडण्यपूरच्या जत्रेत वर्धेच्या डोहात कुणी बुडायला लागलं, की लोक खुशालरावांनाच हाक मारत. पन्नाशी उलटलेला शेतकरी माणूस. पण सदरा फेकून पाण्यात शिरला की बुडणाऱ्याला घेऊनच वर येई.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली त्यांचा पुतण्या उद्धव डॉक्टर झाला आणि अमरावतीत दवाखाना टाकून बसला. घरच्या वडीलधाऱ्यांना त्यानं हौसेनं तपासलं. त्याचे वडील सहदेवराव आणि काका खुशालराव, दोघांच्याही प्रोस्टेट ग्रंथीत बोटाला दगडासारखी गाठ लागली. त्रास मात्र दोघांनाही कसलाच नव्हता.

"कॅन्सर असू शकते, काकाजी. अंडं काढा लागते अन् बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या घ्या लागते. गाठ दबते मंग."

"अन् नाई काढले तं?"

"काईच होनार नाई कदाचित. नाई तं हाडात जाईन."

सहदेवराव धोतर सावरत उठले. "दुखन तवा पाहू."

खुशालरावांनी मात्र शेजारच्या म्हाताऱ्याला याच रोगानं हाडं धरून ओरडताना पाहिलं होतं. ते म्हणाले, "काढून टाक."

नागपूरला वृषणं काढायचं ऑपरेशन झालं. पुढे गोळ्यांनी त्यांची छाती बाईसारखी भरली. तोंडावर उगाच गरम वाफा येत, दाढी विरळ झाली. बायको माणिकबाईंची बाज दुसऱ्या खोलीत गेली.

पुढच्या जत्रेत एक पोरगी डोहात गेली. लोकांनी हाका मारल्या. खुशालराव काठावर आले, सदऱ्याच्या गुंड्यांवर हात ठेवून उभेच राहिले. शेवटी सदऱ्यासकट उडी मारली, तोवर उशीर झाला होता. पोरगी हाती लागली ती गेलेलीच.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन उभे राहिले.

"तुह्या बापाले तेच गाठ हाये. तो औत हाकून राह्यला. माह्यंच काऊन कापलं?"

"तुमी जिते हा, काकाजी."

"तोबी जिताच हाये ना! मी कापल्यानं वाचलो का? सांग."

"नाई सांगता येत. कोनालेच नाई सांगता येत."

एवढं होऊनही खुशालरावांनी गोळ्या सोडल्या नाहीत. सोडायचीही भीती वाटे. मग पाय सुजले, दम लागायला लागला, आणि एका हिवाळ्यात अंगणात बसल्या जागी त्यांचं हृदय थांबलं. सहदेवराव भावाला खांदा देऊन पायी नदीपर्यंत चालत गेले.

सदुसष्टच्या सुमारास परदेशातून बातमी आली, की त्या गोळ्यांनी हृदयावर ताण येतो. उद्धव काकूला सांगायला गावी आला. माणिकबाई तूर पाखडत होत्या. सूप न थांबवता त्यांनी विचारलं, "अन् गाठ?"

"शेवटपर्यंत वाढली नोती."

"ऑपरेशननं?"

"मले माईत नाई, काकू."

माणिकबाईंनी त्याला बस म्हटलं नाही.