सासूने न घेतलेलं नाव

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलंय. बदलापुरातून चामटोलीच्या बाजूला रोज सकाळी जाते. काल रस्त्याकडेच्या जाळीतून करवंदाच्या फुलांचा वास आला आणि माझं पहिलं मतदान आठवलं.

गावच्या शाळेच्या पडवीत बायकांची रांग होती. मागच्या जाळीतून हाच गोड वास येत होता. सासू माझ्यापुढे उभी. शिक्का कुठे मारायचा, ते सासऱ्यांनी आम्हा दोघींना घरीच बजावलं होतं.

टेबलावरच्या मास्तरांनी सासूला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने नुसती मान हलवली.

"मावशी, नाव सांगितल्याशिवाय मत देता येणार नाही."

"चैत्रात पाळणा हलवतात ना, तो."

"हनुमान?"

"त्याचा मालक रे."

रांग हसली. यादीत राम सापडला आणि सासूच्या बोटाला शाई लागली.

मला तिची लाज वाटली. मी चौथी शिकलेली. नवऱ्याचं नाव खणखणीत सांगितलं आणि सासऱ्यांनी सांगितलेल्या चित्रावर शिक्का मारून आले. ही अडाणी आणि मी शहाणी, असं माझं तेव्हाचं मत.

सासरे बाहेर वडाखाली थांबले होते. कुणाला दिलं, म्हणून विचारलं. मी लगेच सांगितलं. मग ते सासूकडे वळले. "आणि तू?"

सासूने पदर सारखा केला.

"परक्या पुरुषाचं नाव कशी घेऊ? तुमचं तरी कधी घेतलंय का?"